आधी हॉल मोजा

अमरावती असो की अकोला, होम थिएटर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वॅटचा हाय हो भाऊ?" विक्रेता खोक्यावरचा मोठ्या टायपातला आकडा दाखवतो. शेजारच्या खोक्यावर त्याहून मोठा आकडा असतो आणि सौदा तिकडे झुकतो. वरुड-मोर्शीकडचा संत्र्याचा बागायतदार मोटर घेताना मात्र असं करत नाही. विहीर किती खोल, पाइप किती लांब, झाडं किती, हे सांगून मगच तो एचपीवर येतो. रिसीव्हरची निवडही अशीच उलट्या टोकाकडून करावी लागते. आधी खोली, मग बसायची जागा, मग स्पीकर, मग आपण ऐकतो काय, आणि सगळ्यात शेवटी मॉडेल. एक हॉल डोळ्यांपुढे ठेवून ते करून बघू.

रिसीव्हर हे खरं तर तीन यंत्रांचं एक खोकं. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे यांच्या केबली त्यात येतात. सिनेमाच्या आवाजाची सांकेतिक भाषा तो उलगडतो आणि कुठला आवाज कुठल्या स्पीकरकडे जायचा ते ठरवतो. मग तो आवाज स्पीकर हलवण्याइतका मोठा करतो. ही सगळी उठाठेव थिएटरातून घरात आली. 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर १९९२ साली डॉल्बी डिजिटल आलं आणि '५.१' हा आकडा रूढ झाला. त्यात पुढे तीन स्पीकर, बाजूला दोन आणि ढणढणाटासाठी एक सबवूफर. आपल्याकडे '१९४२ : अ लव्ह स्टोरी' हा १९९४ सालचा चित्रपट डॉल्बी स्टिरिओतला पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. २०१२ साली डॉल्बी अॅटमॉस आलं आणि डोक्यावरही स्पीकर आले. चित्रपट व्यवसायाच्या नकाशात वऱ्हाड अजूनही 'सीपी-बेरार' सर्किटमध्येच मोडतो. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा तो जुना प्रांत जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण धंद्याने नाव सोडलं नाही. अमरावती हे या सर्किटच्या वितरकांचं जुनं ठाणं. सिनेमाचं वेड या भागाला नवं नाही. आता ते हॉलमध्ये आलं आहे, एवढंच.

आता तो हॉल. अमरावतीच्या साईनगरातला किंवा अकोल्याच्या कौलखेडमधला असा हॉल आपण सगळ्यांनी पाहिला आहे. १२ बाय १६ फूट, वर दहा फुटांवर काँक्रीटचा स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स, रंग दिलेल्या उघड्या भिंती. एका भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा, मध्ये पंखा, खिडकीत कूलर. सोफ्यापासून टीव्हीकडच्या स्पीकरचं अंतर साधारण ३ मीटर. अशा हॉलमध्ये टाळी वाजवून बघा. टाळीमागून एक झणकार येतो. तो झणकार कुठल्याही रिसीव्हरच्या किमतीने जात नाही.

तो मोजायची रीत हार्वर्डच्या वॉलेस सबाइन या प्राध्यापकाने १८९५ नंतरच्या काही वर्षांत शोधून काढली. विद्यापीठाच्या एका नव्या सभागृहात वक्त्याचं बोलणं कळेना म्हणून काम त्याच्याकडे आलं. तो रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या उशा उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचा. उशा वाढल्या की आवाज लवकर विरायचा. त्याच्या सूत्राने आपल्या हॉलचं गणित मांडलं, तर सोफा आणि दोन-चार माणसं धरून आवाज विरायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतात. टीव्ही आणि सोफ्याच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला दुपदरी जाड पडदे, मागच्या भिंतीला भरलेलं पुस्तकांचं कपाट आणि कोपऱ्यात एक गादी, एवढं केलं की तेच अर्ध्या सेकंदाच्या जवळ येतं. संवाद कळत नाहीत म्हणून रिसीव्हर बदलणारे लोक आहेत. त्यांच्या हॉलमध्ये सतरंजी नसते.

आता वॅट. इथे जरा थांबायला हवं, कारण फसवणूक म्हणता येणार नाही अशी सगळ्यात मोठी दिशाभूल याच ठिकाणी होते. टू-इन-वनच्या काळात छोट्याशा डब्यावर हजार-हजार वॅट 'पीएमपीओ' लिहिलेले असायचे, ते ज्यांनी पाहिलं त्यांना नवल वाटणार नाही. सोनीच्या एसटीआर-डीएच५९० या रिसीव्हरवर १४५ वॅटचा आकडा असतो. तपशील वाचला की कळतं, तो एकच चॅनेल चालू ठेवून, फक्त १ किलोहर्ट्झच्या सुरावर, ६ ओहमला, ०.९ टक्का विकृती चालवून घेऊन मोजलेला आहे. तोच रिसीव्हर दोन चॅनेल चालू ठेवून, ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात, ०.०९ टक्के विकृतीत मोजला की ९० वॅट देतो. यंत्र तेच, मोजमाप वेगळं. डेनॉनच्या एक्स५८०बीटीचे ७० वॅट हे ८ ओहमला, पूर्ण पट्ट्यात, दोन चॅनेल चालू असताना मोजलेले आहेत. म्हणजे १४५ आणि ७० हे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काहीच अर्थ नाही. पाचही चॅनेल एकदम ताणले की दोघांचेही आकडे आणखी उतरतात.

बरं, वॅट लागतात तरी किती? स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' नावाची एक ओळ असते, आणि गिऱ्हाईक नेमकी तीच वाचत नाही. समजा तिथे ८८ डेसिबल लिहिलं आहे. याचा अर्थ एक वॅट दिला की एका मीटरवर ८८ डेसिबल आवाज मिळतो. आपल्या हॉलमध्ये ३ मीटरवर बसलेल्याला त्यातले ८१-८२ मिळतील असं धरा. घरातली माणसं सिनेमा बघताना सरासरी आवाज ७० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे सरासरी खर्च एक वॅटचा दहावा भागसुद्धा नाही. स्फोट, ढोल, दार आपटणं असे क्षण सरासरीच्या वीस डेसिबल वर जातात, आणि त्यांना लागतात ७-८ वॅट. थिएटरच्या मापाने, १०५ डेसिबलपर्यंत उसळणारा आवाज हवा असेल तर हिशेब दोनशे वॅटच्या पुढे जातो. पण त्या आवाजात या हॉलमध्ये दोन तास कुणी बसणार नाही, आणि शेजारचे तर दहा मिनिटंही बसू देणार नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि सबवूफरचा आवाज भिंत ओलांडण्यात पटाईत असतो.

वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून ७० वॅटवरून ८० वॅटवर जाण्याने मिळतो तो अर्ध्या डेसिबलहून किंचित जास्त. ७० वरून १०५ वर गेलात तरी पावणेदोन डेसिबल. उलट ८८ ऐवजी ९१ डेसिबलचे स्पीकर घेतले, तर रिसीव्हरचे वॅट फुकटात दुप्पट झाल्यासारखं होतं. हे गणित एकदा मनात बसलं की दुकानातली निम्मी चर्चा निकालात निघते.

स्पीकरवरची दुसरी ओळ ओहमची. ८ ओहमपेक्षा ४ ओहमचा स्पीकर तेवढ्याच व्होल्टेजवर दुप्पट प्रवाह ओढतो, आणि छोट्या रिसीव्हरच्या अंगात तो प्रवाह नसतो. तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. ४ ओहमचे टॉवर स्पीकर आधीच घेऊन ठेवले असतील, तर मात्र वरच्या दर्जाच्या मॉडेलकडे जायला हे पुरेसं कारण आहे. ६ ते ८ ओहमचे छोटे स्पीकर असतील, तर काळजी नको. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये त्यांना 'स्मॉल' करायचं आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवायचा. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं जड काम मग सबवूफरचा स्वतःचा अॅम्प्लिफायर करतो आणि रिसीव्हरचा जीव हलका होतो. टॉवर उंच आहेत म्हणून त्यांना हौसेने 'लार्ज' करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी एकदा उलट करून ऐकावं.

चॅनेल किती, हा त्यानंतरचा प्रश्न. ७.१ साठी सोफ्याच्या मागे दोन स्पीकर लागतात, आणि आपला सोफा भिंतीला टेकलेला आहे. म्हणजे ते दोन बाद. राहिला अॅटमॉसचा पर्याय. स्लॅबला भोक पाडून स्पीकर बसवणं भाड्याच्या घरात अशक्यच, स्वतःच्या घरात जिवावर येतं. छताकडे तोंड करून आवाज परावर्तित करणारे स्पीकर मिळतात. त्यांना सपाट आणि कडक छत लागतं, उंची साडेसात ते बारा फूट असली तर बरी. काँक्रीटचा स्लॅब या कामाला उत्तम. जुन्या धाब्याच्या घरातल्या लाकडी कड्यांवर तोच आवाज विखरून जातो. मधला पंखा थोडा आड येतो, पण चालतं. अडचण वेगळीच आहे. आपण ऐकतो काय? मराठी मालिका, बातम्या, क्रिकेट, यूट्यूबवरची कीर्तनं, हे सगळं जवळपास दोनच चॅनेलचं. ओटीटीवरचे बरेच सिनेमे ५.१ मध्ये, आणि थोडेच अॅटमॉसमध्ये. अॅटमॉसचा सिनेमा ५.१ वर लावला तरी काही गळून पडत नाही. छतावरचा आवाज खालच्या स्पीकरांत मिसळून येतो. म्हणून या हॉलसाठी माझं मत ५.१ चं आहे. अमरावतीच्या सुरेश भटांच्या गझलाच जो रोज संध्याकाळी ऐकतो त्याला तर पुढचे दोन चांगले स्पीकर पुरतात, बाकीचे तीन घरच्यांच्या हौसेचे.

ऐकून बघायला दुकानात जाल तेव्हा विमान, स्फोट, डायनासोर लावले जातील. ते सगळ्यांवरच चांगले वाजतात. आपल्या पेन ड्राइव्हवर मोझरीच्या परंपरेतलं एखादं खंजिरी भजन न्या. खंजिरीची थाप आणि झांजांची किणकिण एकाच क्षणी येते. स्पीकर आळशी असला तर दोन्हींचा गोळा होतो. 'सैराट'चं संगीतही न्यावं. त्यातला वाद्यवृंद अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला होता. तंतुवाद्यं मागे पसरलेली आणि आवाज पुढे, असं ऐकू येतं का ते बघा. मग एखादा कुजबुजत्या संवादांचा प्रसंग लावा. संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. पैसे वाचवायचेच असतील तर बाजूच्या दोन स्पीकरांत वाचवा, सेंटरमध्ये नको.

इथपर्यंतचं सगळं पुण्या-मुंबईतही खरं आहे. पुढचं खास वऱ्हाडाचं.

मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचा, म्हणजे कलम १४४ चा आदेश काढावा लागला होता. पारा ४५ च्या वर जाणं इथे बातमी राहिलेली नाही. रिसीव्हरच्या पुस्तिकांत मात्र बहुधा ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा, असं लिहिलेलं असतं. रिसीव्हरमधला अॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेतला मोठा हिस्सा उष्णता म्हणून बाहेर टाकतो. तो टीव्हीखालच्या काचेच्या दाराच्या कपाटात कोंडला की आतलं तापमान कुठल्या कुठे जातं. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबाबत अभियंत्यांचा एक ठोकताळा आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. यामाहाच्या पुस्तिका वर ३० सेंमी आणि बाजूला-मागे २० सेंमी मोकळी जागा ठेवायला सांगतात. वऱ्हाडात हे आकडे किमान समजावेत. रिसीव्हरवर सेट-टॉप बॉक्स ठेवणं आणि त्यावर विणलेला रुमाल पसरणं, दोन्ही बंद. मागे संगणकातला १२ सेंमीचा एखादा शांत पंखा बसवला तर उत्तमच. मॉडेल निवडताना कपाटाची खोली मोजून जा. केबली धरून मागे पाच-सात सेंमी जास्त लागतात.

आणि कूलर. तो सुरू असताना हॉलमध्ये ५५-६० डेसिबलची घरघर असते. ७० डेसिबलवर सिनेमा बघणाऱ्याला कुजबुज ऐकूच येणार नाही, आणि तो आवाज वाढवेल. मग मारामारीत घर हादरेल. याला उपाय वॅट नव्हे, रिसीव्हरमधली दोन बटणं. एक मोठा आणि लहान आवाज जवळ आणणारं, ज्याला कुठे 'नाइट मोड' तर कुठे 'डायनॅमिक रेंज' म्हणतात. दुसरं संवाद उचलणारं. उन्हाळ्याचे चार महिने ही बटणं रोज लागतील, म्हणून ती रिमोटवर सहज सापडतात का ते दुकानातच बघा. सोबत येणारा माइक लावून रिसीव्हर खोलीचं मापन करतो, त्या पंधरा मिनिटांत मात्र कूलर आणि पंखा बंद ठेवा, नाहीतर तो घरघरीचंच माप घेईल. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी कूलरला वापरत असाल, तर ताट्यांवर बसणारा पांढरा थर तुम्ही पाहिलाच आहे. कूलरचा झोत आणि त्यातले तुषार थेट रिसीव्हरवर येणार नाहीत अशी जागा निवडा.

विजेचंही तसंच. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर एकदम सुरू होतात, गावाकडे मोटरी चालतात आणि व्होल्टेज खालीवर होतं. चांगला स्टॅबिलायझर घ्या. इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल, तर रिसीव्हर त्यावर चालवू नका. गुणगुण येते आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. मृगाआधीच्या विजांच्या दिवसांत प्लगबरोबर केबलची वायरही काढून ठेवा, कारण वीज त्या वाटेनेही येते. अमेरिकेतून भाचा आणणार असेल तर त्याला आधीच सांगा, तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं असतं. इथल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये सरळ घातलं तर पहिल्या दिवशीच धूर निघेल, आणि तिकडची वॉरंटी इथे चालणार नाही.

राहिला नवेपणाचा मोह. २०२० च्या शेवटी एचडीएमआय २.१ असलेले पहिले रिसीव्हर आले, तेव्हा त्यातल्या एका चिपमध्ये दोष निघाला. एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रातून ४के १२० हर्ट्झचं चित्र पाठवलं की पडदा काळा. डेनॉनने पुढे ग्राहकांना जोडायला वेगळा डबा दिला, यामाहाने बोर्ड बदलून दिले. गेम खेळणारं कुणी घरात नसेल, तर ही वैशिष्ट्यं कागदावरच राहतात. एक मात्र बघा: टीव्हीतलं अॅप वापरणार असाल तर रिसीव्हरला 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' हवं. साध्या एआरसीवरून ओटीटीचा ५.१ आवाज येतो. ब्लू-रेचा पूर्ण, न दाबलेला आवाज टीव्हीमार्गे हवा असेल तरच ईएआरसीचं काम पडतं.

आता मॉडेल. यामाहाचं आरएक्स-व्ही३८५ हे ५.१ चं साधं, २०१८ पासूनचं मॉडेल. डेनॉनचं एक्स५८०बीटी ५.२ चं, दोन सबवूफरची सोय आणि ईएआरसी असलेलं. त्यात वायफाय नाही, ब्लूटूथ आहे. त्याच कंपनीचं एक्स१८००एच ७.२ चं, ८० वॅट, अॅटमॉस, वायफाय, आणि मापनासाठी ऑडिसीची प्रणाली. त्याच्याही वर एक्स३८००एच, ९.४ चं, १०५ वॅट, आणि सर्व चॅनेलसाठी प्रीआउट, म्हणजे उद्या बाहेरचा अॅम्प्लिफायर जोडायची सोय. या हॉलसाठी, या सोफ्यासाठी, ८ ओहम आणि ८८ डेसिबलच्या स्पीकरसाठी मी एक्स५८०बीटी घेईन. अॅटमॉसचे दोन स्पीकर वर्षभरात घ्यायचं नक्की असेल तर एक्स१८००एच. ४ ओहमचे टॉवर असतील किंवा वरच्या मजल्यावर वेगळी थिएटरची खोली बांधायची असेल, तरच एक्स३८००एच. मधला फरक वाचेल तो सेंटर स्पीकर, सतरंजी, पडदे आणि स्टॅबिलायझर यांत घाला.

दुकानातून निघण्याआधी अधिकृत दुरुस्ती कुठे होते ते विचारा. अमरावतीत होत नसेल तर यंत्र नागपूरला, म्हणजे दीडशे किलोमीटर न्यावं लागेल, आणि अकोलेकरांना त्यात आणखी शंभर. म्हणून खोकं आणि आतलं थर्माकोल जपून ठेवा, आणि बिलावर यंत्राचा अनुक्रमांक विक्रेत्याकडून लिहून, शिक्का मारून घ्या.